जबड्याच्या सांध्याची अवाजवी वाढ आणि तिच्यावरची शस्त्रक्रिया

खालचा जबडा हे चेहऱ्यातले एकमेव मोठे हलणारे हाड आहे. हाड एकच, पण ते कवटीला दोन ठिकाणी टेकते, दोन्ही कानांच्या पुढे. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की बोटाखाली जो उंचवटा सरकतो, तो जबड्याचा सांधा. जबड्याच्या उभ्या भागाच्या वरच्या गोलसर टोकाला डॉक्टर कॉन्डाइल म्हणतात. हे टोक कवटीच्या खोबणीत बसते आणि दोन्हींच्या मध्ये एक लवचीक चकती असते. या टोकावर कूर्चेचा पातळ थर असतो. त्यातल्या पेशी वाढत राहतात, त्यांचे हळूहळू हाडात रूपांतर होते आणि जबडा लांब होत जातो. बाळाचा बारीकसा जबडा तरुणपणी सोळा दात मावतील एवढा होतो, त्यात या थराचा मोठा वाटा असतो. साधारणपणे मुलींमध्ये पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलांमध्ये अठराव्या वर्षाच्या आसपास हे काम संपते. थर शांत होतो आणि त्याखाली हाडाचा घट्ट पापुद्रा तयार होतो.

काही जणांत मात्र एका बाजूचा थर थांबायचे विसरतो, किंवा वाढीच्या वयातच दुसऱ्या बाजूपेक्षा वेगाने काम करू लागतो. जबड्याची दोन्ही टोके एकाच हाडाची असल्यामुळे एका बाजूच्या वाढीचा परिणाम साऱ्या जबड्यावर होतो. एका बाजूचे वल्हे जोरात मारले की होडीची नाळ दुसऱ्या बाजूला वळते, तशी हनुवटी वाढ नसलेल्या बाजूकडे सरकू लागते. या विकाराला वैद्यकात कॉन्डायलर हायपरप्लेसिया म्हणतात. हा कर्करोग नव्हे. हे टोक आकाराने मोठे असले तरी बहुतेक वेळा जवळजवळ नेहमीच्याच घडणीचे असते. बिघाड असतो तो वाढीच्या वेळापत्रकात.

या विकाराचे पहिले वर्णन डब्लिनचे शल्यवैद्य रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1836 मध्ये केले असे मानले जाते. वीस वर्षांनी, 1856 मध्ये, केंब्रिजच्या जॉर्ज हम्फ्री यांनी असे वाढलेले टोक कापून काढल्याची नोंद केली. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागायचा होता. पण आजच्या उपचाराला आकार मिळाला तो विसाव्या शतकात. झुरिकचे शल्यवैद्य ह्यूगो ओब्वेगेसर आणि त्यांचे सहकारी मिलान माकेक यांनी 1986 मध्ये या विकाराचे दोन मुख्य प्रकार वेगळे करून दाखवले, आणि ते वर्गीकरण अजूनही वापरात आहे.

पहिल्या प्रकारात जबडा आडवा लांबतो. हनुवटी निरोगी बाजूला सरकते, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्यरेषा जुळेनाशा होतात. निरोगी बाजूला खालच्या दाढा वरच्या दाढांच्या बाहेर जातात. खरे तर वरच्या बाहेर आणि खालच्या आत असायला हव्यात. दुसऱ्या प्रकारात जबड्याची एक बाजू उभी वाढते. हनुवटी फारशी सरकत नाही, पण चेहऱ्याचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा लांब दिसतो आणि जबड्याची खालची कड त्या बाजूला खाली लोंबल्यासारखी होते. ही वाढ नेमकी हनुवटीच्या मध्यरेषेवर येऊन थांबते, हे तिचे मोठे वैशिष्ट्य. त्या बाजूच्या दाढांमध्ये फट पडते. वय लहान असेल तर वरचे दात आणि त्यांच्याभोवतीचे हाड ती फट भरायला खाली उतरते, आणि मग वरचा जबडाही तिरपा होतो. अशा रुग्णाच्या दातांत लाकडी पट्टी आडवी धरून समोरून पाहिले की ती डोळ्यांच्या रेषेशी समांतर राहत नाही. अनेक रुग्णांत दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते.

विकाराची सुरुवात बहुधा दहा ते तीस या वयात होते. नोंदींमध्ये मुलींचे प्रमाण जास्त आढळते. वेदना क्वचितच असतात, आणि उशीर होण्याचे हेच मोठे कारण आहे. दुखत नाही, सूज नाही, ताप नाही. घरचे रोज पाहतात म्हणून त्यांना फरक जाणवत नाही. तो जाणवतो एखाद्या पाहुण्याला, किंवा दहावीच्या ओळखपत्रावरचा आणि महाविद्यालयाच्या ओळखपत्रावरचा फोटो शेजारी ठेवले तर. काहींना सांध्यात कट्कट आवाज येतो, एका बाजूने चावता येत नाही, स-श हे उच्चार बदलतात. मुलीचे लग्नाचे वय जवळ आले की मगच काही घरांत डॉक्टरकडे जायचा विचार होतो. तोपर्यंत मुलीने आरशासमोर आणि वर्गात जे सोसलेले असते, त्याची मोजदाद कुठल्याच तपासणीत होत नाही.

वाकडी हनुवटी दिसली की पहिला प्रश्न पडायला हवा तो आजारी बाजू कोणती हा. तो वाटतो तितका सोपा नाही. लहानपणी झाडावरून किंवा पायऱ्यांवरून हनुवटीवर पडलेल्या मुलाचा सांधा मोडून पुढे आखडू शकतो; कानाच्या जुन्या संसर्गानेही तसे होते. मग त्या बाजूचा जबडा वाढत नाही, निरोगी बाजू वाढत राहते आणि हनुवटी आजारी, आखूड बाजूकडे वळते. वरवर पाहता निरोगी बाजूच जास्त वाढल्यासारखी दिसते. दोन्हींतला फरक ओळखायला तोंड किती उघडते ते पाहावे लागते. आखडलेल्या सांध्यात ते जेमतेम बोटभर उघडते. अवाजवी वाढीत मात्र सहसा तीन बोटे आत जातात. तोंडावरून वारे गेले, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा झाला, तर तोंड वाकडे होते, पण तो वाकडेपणा स्नायूंचा असतो. डोळा नीट मिटत नाही, हसताना एक बाजू मागे राहते, हाड मात्र जागेवर असते आणि दातांची जुळणी बदललेली नसते. शिवाय लकवा एका-दोन दिवसांत येतो, हाडाची वाढ महिन्या-महिन्यांनी सरकते. गालाच्या स्नायूची किंवा कानाखालच्या लाळग्रंथीची सूजही चेहरा असमान करते. सांध्याच्या टोकावर ऑस्टिओकॉन्ड्रोमा नावाची साधी गाठ वाढली तरी चित्र जवळपास असेच दिसते. फक्त ती बरेचदा थोड्या मोठ्या वयात येते आणि टोकाचा आकार वेडावाकडा करते. चाळिशीनंतर जबडा नव्याने वाढू लागला तर ही गाठ मनात ठेवावीच लागते. दोन्ही बाजूंनी वाढला आणि हातापायांची बोटेही जाड झाली, तर पीयूष ग्रंथीच्या विकाराचाही विचार करावा लागतो.

ही वाढ का होते याचे पक्के उत्तर वैद्यकाकडे नाही. मार, वयात येतानाचे संप्रेरकांचे बदल, वाढ घडवणारी रसायने, आनुवंशिकता असे अनेक तर्क मांडले गेले आहेत, सिद्ध एकही झालेला नाही. एकाच बाजूने चावल्यामुळे, उशीवर एका कुशीवर झोपल्यामुळे किंवा हनुवटी हातावर टेकून अभ्यास केल्यामुळे जबडा असा वाढतो, असे घरोघर मुलांना सुनावले जाते. त्याला आधार नाही. उलट, जबड्याची ठेवण बिघडली म्हणून मूल एका बाजूने चावू लागलेले असते. या विकारात मुलाचा किंवा आईबापांचा काहीही दोष नसतो, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

निदान झाले की पुढचा सारा उपचार एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो: वाढ अजून चालू आहे की थांबली? बहुतेक रुग्णांत ती पंचविशीच्या आसपास आपोआप थांबते. झालेला वाकडेपणा तेवढा कायम राहतो. वाढ थांबलेली असेल तर सांध्याला हात न लावता जबडा सरळ करता येतो. ती चालू असताना जबडा सरळ केला तर वर्षा-दोन वर्षांत तो पुन्हा वाकडा होतो आणि रुग्णाला दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते. दातांना तारा लावण्याचेही तेच. वाढ चालू असताना केवळ तारा लावून दाढा जुळवण्याचा प्रयत्न झाला तर दात सरळ होतात आणि जबडा सरकतच राहतो. पैसा आणि दोन-तीन वर्षे वाया जातात. हाडाची वाढ जाणून घेतल्याशिवाय तारा लावणे ही या विकारातली सहज टाळता येण्याजोगी चूक आहे.

उत्तर शोधण्याची सर्वांत जुनी पद्धत आजही उपयोगी आहे, ती म्हणजे तुलना. गेल्या पाच-सहा वर्षांतले समोरून काढलेले फोटो वयानुसार मांडले की विकार कधी सुरू झाला आणि किती वेगाने पुढे गेला ते दिसते. शाळेची ओळखपत्रे, आधार कार्ड, गणपतीत काढलेले घरचे फोटो हे या आजारात खरे वैद्यकीय कागद ठरतात. दातांचे प्लास्टरचे साचे घेऊन सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायचे आणि मिलिमीटरमध्ये फरक मोजायचा, हीदेखील खात्रीची पद्धत आहे. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात ओपीजी म्हणतात, दोन्ही टोकांची उंची दाखवतो. सीटी स्कॅनमध्ये हाडाची त्रिमित प्रतिमा मिळते आणि दोन्ही बाजूंची लांबी अचूक मोजता येते. पण हे सारे आतापर्यंत काय झाले ते सांगते. आज त्या थरात काय चालले आहे ते सांगणारी तपासणी वेगळी आहे, हाडाचा स्कॅन.

या तपासणीत टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य फॉस्फेटच्या एका संयुगाला जोडून शिरेतून देतात. जिथे नवे हाड घडत असते तिथे हे संयुग जास्त जमा होते. दोन ते चार तासांनी विशेष कॅमेऱ्याखाली डोक्याची प्रतिमा घेतात आणि डाव्या-उजव्या सांध्यातला किरणोत्सार मोजतात. दोन्ही बाजूंची बेरीज शंभर धरली तर निरोगी माणसात वाटणी जवळपास निम्मी-निम्मी असते. एका बाजूचा वाटा 55 टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे दोन बाजूंत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर त्या बाजूची वाढ चालू असल्याचे बहुतेक केंद्रे मानतात. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. चोवीस तासांत त्याचा सोळावा हिस्सा उरतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने हे आधी सांगितले पाहिजे. एरवी ही तपासणी सुरक्षित मानली जाते. भारतातल्या अणुवैद्यकाच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक मुंबईत आहे. आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 1963 मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. आता मुंबई-पुण्यासह मोठ्या शहरांत ही तपासणी होते. कोकणातल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या रुग्णाला मात्र त्यासाठी बहुधा जिल्ह्याबाहेर प्रवास करावा लागतो, आणि हा प्रवास एकदाच करून भागेल असे नाही.

कारण एका स्कॅनवर निर्णय घेणे धोक्याचे आहे. सांध्याला सूज, संधिवात किंवा अलीकडचा मार असेल तरीही त्या बाजूला किरणोत्सार वाढतो. बारा वर्षांच्या मुलात तर दोन्ही बाजू वाढीमुळे उजळ दिसतात आणि फरक झाकला जातो. उलट बाजूचा सांधा आतून झिजत असेल तर निरोगी बाजूच जास्त वाढतेय असा भास होऊ शकतो. म्हणून जाणते शल्यवैद्य फोटो, साचे, मोजमापे आणि स्कॅन एकत्र ठेवून पाहतात, आणि शंका राहिली तर सहा महिने ते वर्षभर थांबून पुन्हा तपासणी करतात. हे थांबणे म्हणजे चालढकल नव्हे. रुग्णाच्या घरच्यांना ते समजावून सांगितले नाही तर ते डॉक्टर बदलतात आणि सारे पहिल्यापासून सुरू होते.

वाढ चालू असल्याचे ठरले तर ती थांबवणारी शस्त्रक्रिया करतात. तत्त्व साधे आहे. वाढणारा थर टोकाच्या अगदी वरच्या भागात असतो. तेवढा भाग काढला की वाढ थांबते. उच्च कॉन्डायलेक्टमी नावाच्या या शस्त्रक्रियेत टोकाचा वरचा तीन ते पाच मिलिमीटर भाग, आतल्या-बाहेरच्या कडांसह, कापून काढतात. काढलेला तुकडा नखाएवढा असतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट शरीरातल्या अवघड वाटांपैकी एक आहे.

पूर्ण भूल देतात आणि श्वासाची नळी तोंडातून न घालता नाकातून घालतात, कारण शस्त्रक्रिया चालू असताना दात मिटून जुळणी पाहावी लागते. छेद कानाच्या पुढच्या नैसर्गिक घडीत घेतात. काही महिन्यांनी तो शोधूनच काढावा लागतो. त्याखाली चेहऱ्याच्या नसेची एक फांदी गालाच्या हाडावरून कपाळाकडे जाते. भुवई उचलणे आणि कपाळाला आठ्या घालणे तिच्यावर अवलंबून असते. 1979 मध्ये अल-कयात आणि ब्रॅमली या शल्यवैद्यांनी अनेक मृतदेहांवर मोजून दाखवले की ही फांदी कानाच्या छिद्राच्या पुढच्या कडेपासून 8 ते 35 मिलिमीटर अंतरावर कुठेही असू शकते. त्या मोजमापांवरून छेदाची आणि आत शिरण्याची पद्धत ठरली: कानाला लागून राहायचे, खोलवरच्या आवरणाखाली जायचे आणि नसेला तिच्या आवरणासकट पुढे सारायचे. मग सांध्याचे कवच उघडतात. चकती जपून वर ठेवतात आणि तिच्या खालच्या कप्प्यात काम करतात. टोकाच्या मानेच्या आतल्या अंगाने मोठी रक्तवाहिनी जाते. ती वाचवण्यासाठी मागे धातूची पट्टी धरून बारीक ड्रिलने, करवतीने किंवा ध्वनिकंपनांवर चालणाऱ्या पात्याने हाड कापतात. हे पाते हाड कापते आणि मऊ भागाला सहसा इजा करत नाही, त्यामुळे अलीकडे अनेक केंद्रे ते पसंत करतात. उरलेले टोक गुळगुळीत करून चकती जागेवर बसवतात, ती सैल झाली असेल तर टाके घालून बांधतात. तुकडा तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे पाठवतात. कापलेल्या जागेवर पुढच्या काही महिन्यांत नवा पापुद्रा तयार होतो आणि सांधा पुन्हा काम करू लागतो. काही शल्यवैद्य दुर्बीण वापरून हीच शस्त्रक्रिया तोंडाच्या आतून करतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही, पण दिसायला जागा कमी मिळते.

याच शस्त्रक्रियेचा दुसरा प्रकार म्हणजे प्रमाणानुसार कापणे. इथे ठरावीक तीन-पाच मिलिमीटर न काढता दोन्ही बाजूंच्या उंचीतला फरक सीटी स्कॅनवर मोजतात आणि तेवढाच भाग काढतात. तो कधी दहा मिलिमीटरच्याही वर जातो. वाढही थांबते आणि लांबलेली बाजू वर सरकून जबडा बऱ्याच अंशी सरळ होतो. विशेषतः उभ्या वाढीच्या प्रकारात याचा फायदा होतो आणि काही रुग्णांना नंतरच्या मोठ्या शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. ज्यांना ती लागते त्यांच्यासाठीही सरळ करायचे काम कमी उरते. सांधा जपणे आणि चेहरा सरळ करणे या दोन्ही गोष्टी एकाच कापणीत साधण्याचा हा मार्ग, नीट मोजमाप होत असेल तर, जास्त शहाणपणाचा आहे.

वय मात्र विसरून चालत नाही. सांध्याचे टोक कापले की त्या बाजूची पुढची नैसर्गिक वाढही थांबते. अकरा-बारा वर्षांच्या मुलात घाई केली तर निरोगी बाजू वाढत राहील आणि काही वर्षांनी हनुवटी उलट दिशेला वळेल. म्हणून एका बाजूच्या विकारात मुलींमध्ये साधारण पंधरा आणि मुलांमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या आसपास ही शस्त्रक्रिया करण्याकडे कल असतो. वाढ फार वेगाने होत असेल, वरचा जबडा तिरपा होऊ लागला असेल, तर त्याआधीही करावी लागते, आणि पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते हे मान्य करूनच ती केली जाते.

वाढ थांबलेली असेल तेव्हा जबड्याची ठेवण सुधारणारी शस्त्रक्रिया होते. आधी साधारण वर्ष-दीड वर्ष तारा लावून दोन्ही जबड्यांतले दात आपापल्या जागी नीट बसवतात. या काळात जुळणी पूर्वीपेक्षाही वाईट दिसते, कारण जबडा वाकडा असल्यामुळे तिरपे झालेले दात सरळ होत असतात. ते अपेक्षितच असते. मग खालच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी आतल्या आणि बाहेरच्या पापुद्र्यांत उभे चिरतात, दात असलेला भाग हव्या त्या जागी सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. ही पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी 1957 मध्ये जगासमोर मांडली. सगळे काम तोंडाच्या आतून होते. वरचा जबडा तिरपा असेल तर तो नाकाच्या तळाच्या पातळीवर आडवा कापून सरळ करतात. फ्रान्सचे रेने ले फोर यांनी 1901 मध्ये कवटीवर मार बसल्यावर ती कोणत्या रेषांत मोडते याचा अभ्यास केला होता. ही कापणी त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवर होते आणि त्यांचेच नाव तिला आहे. हनुवटी वेगळी सरकवणे, लोंबलेली खालची कड तासणे हे पूरक भाग. कड तासताना विशेष जपावे लागते, कारण उभ्या वाढीत खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेचा बोगदा खाली कडेजवळ आलेला असतो. काही वेळा नस बोगद्यातून अलगद मोकळी करून बाजूला धरावी लागते.

वाढ चालू असलेल्या मोठ्या रुग्णात सांध्याची आणि जबड्याची शस्त्रक्रिया एकाच वेळी करावी की दोन टप्प्यांत, यावर शल्यवैद्यांत मतभेद आहेत. एकाच वेळी केली तर एकच भूल, एकच खर्च. टप्प्यांत केली तर सांधा स्थिरावल्यावर नेमके किती सरळ करायचे ते कळते. संगणकावर आधी शस्त्रक्रिया करून पाहण्याची आणि त्यावरून त्रिमित छपाईने दातांचे मार्गदर्शक साचे बनवण्याची सोय आल्यापासून एकत्र करणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे.

धोके स्पष्ट सांगितले पाहिजेत. भुवईची हालचाल काही आठवडे ते काही महिने मंद होऊ शकते; बहुतेकांत ती परत येते, अगदी थोड्यांत हा मंदपणा कायम राहतो. जबडा चिरण्याच्या शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होतात. तरुणांत ही बधिरता महिन्यांत ओसरते, वय जास्त असेल तर काही प्रमाणात राहू शकते. रक्तस्राव, संसर्ग, तोंड कमी उघडणे, सांध्यात आवाज राहणे, दातांची जुळणी सरकणे हेही घडू शकते. कापलेला भाग अपुरा असेल तर वाढ पुन्हा सुरू होते, पण पुरेसा थर काढला असेल तर हे क्वचितच होते.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस गाल आणि कानशील सुजलेले असते. खालच्या-वरच्या तारांमध्ये रबर लावून दात योग्य जागी मिटायला शिकवतात. चार ते सहा आठवडे मऊ अन्न लागते, आणि कोकणातल्या स्वयंपाकघरात ते मुबलक आहे: उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, माशाचे सार, नाचणीची आंबील, डाळीचे वरण, कोमट सोलकढी. माशाचे सार गाळून घ्यावे, काटा जखमेत रुतू नये. भाकरी, काजू, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, कुर्ल्यांचे नांगे आणि मालवणी खाजे शल्यवैद्याने सांगेपर्यंत बाजूला ठेवावे. आहार मऊ असला तरी प्रथिने कमी पडू देऊ नयेत, नाहीतर हाड भरायला वेळ लागतो. खरी कसोटी व्यायामाची असते. तोंड दिवसातून अनेकदा हळूहळू उघडायचे, दातांत लाकडी पट्ट्या एकेक वाढवत न्यायच्या, आरशात पाहून हनुवटी सरळ रेषेत खाली येते का ते तपासायचे. तीन बोटे, म्हणजे जवळपास 35 ते 40 मिलिमीटर, उघडेपर्यंत हे सोडायचे नसते. दुखते म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांचा सांधा आखडतो.

कामावर परतताना किनाऱ्यावरच्या रुग्णाने काही गोष्टी विचारून घ्याव्यात. रापणीचे जाळे ओढताना किंवा बर्फाचे टब उचलताना माणूस नकळत दात आवळतो आणि सगळा ताण सांध्यावर येतो. मालवण-तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय वाढल्यापासून बरेच तरुण त्यात आहेत. श्वासाच्या नळीचे तोंडातले टोक पाण्यात सतत दातांनी धरून ठेवावे लागते. असमान जुळणी असलेल्या माणसाचा सांधा यानेही दुखू लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतर हे काम शल्यवैद्याच्या परवानगीशिवाय सुरू करता येत नाही. टाके निघाले म्हणजे सांधा बरा झाला, असा अर्थ होत नाही.

हा उपचार मुख व जबडा शल्यवैद्य आणि दातांना तारा लावणारे तज्ज्ञ यांनी मिळून करायचा असतो, आणि तो करण्याची क्षमता प्रामुख्याने दंत महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत असते. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्गातल्या लोकांना गोव्यातली बांबोळी जवळ पडते. तिथे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातच 1980 मध्ये सुरू झालेले गोवा दंत महाविद्यालय आहे. 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना बांबोळीत शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडी भागात आंदोलने झाली. त्यामुळे निघण्यापूर्वी सध्याचे नियम विचारून घ्यावेत. उपचारासाठी आंबोली घाटाने बेळगावला, फोंडा किंवा करूळ घाटाने कोल्हापूरकडेही जाता येते. मुंबईत नातेवाईक असलेल्यांसाठी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय हे कमी खर्चाचे पर्याय आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातच पहिली तपासणी आणि शिफारसपत्र यासाठी सिंधुदुर्गनगरीचे रुग्णालय उपयोगी पडते.

खर्चाच्या बाबतीत एक अन्याय वारंवार होतो. विमा कंपन्या सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया आणि दातांचे उपचार सहसा वगळतात, आणि हा उपचार कागदावर या दोन्हींत ढकलला जातो. तो सौंदर्याचा नाही. चावता येणे, स्पष्ट बोलता येणे आणि सांधा टिकणे यासाठी तो केला जातो. म्हणून डॉक्टरांकडून पत्र घेताना त्यात विकाराचे नाव, चावण्यातली अडचण, तोंड किती उघडते, हाडाच्या स्कॅनचा निष्कर्ष आणि शस्त्रक्रियेची वैद्यकीय गरज हे स्पष्ट लिहून घ्यावे. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जन आरोग्य योजना ज्या रुग्णालयात लागू आहे, तिथे आरोग्यमित्र बसतो. ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, कोणत्या नावाखाली बसते आणि शिधापत्रिकेखेरीज कोणते कागद लागतील, हे दाखल होण्याआधी त्यालाच विचारावे. आणि घरातल्या मुलाच्या हनुवटीत वर्षभरात फरक पडलेला दिसला तर लग्नाची, परीक्षेची किंवा वय पूर्ण होण्याची वाट न पाहता जुने फोटो घेऊन डॉक्टरकडे जावे.